अकरावा पत्रा

संगीता मेश्राम मॅडमनी चहा नको म्हटलं, तेव्हाच जुबैदानं ओळखलं. सरकारी माणूस चहाला नाही म्हणतो म्हणजे त्याला लवकर उठायचं असतं, आणि लवकर उठायचं असतं म्हणजे सांगायचं ते गोड नसतं, एवढं तिला दोन वर्षांत कळलं होतं. तरी तिनं ट्रे टेबलावर ठेवलाच. मॅडमनी पिशवीतून जाड पाकीट काढलं आणि ट्रे थोडा बाजूला सरकवला.

वणीतल्या या घराच्या पुढच्या दोन खोल्यांचं आता 'गफ्फार पेंटर स्मृतिघर' झालं होतं. मागची स्वयंपाकखोली आणि पडवी तेवढी गफ्फारचा मुलगा अब्रार आणि सून जुबैदा यांच्याकडे उरली होती. अब्रार गॅरेजात ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचा. घर झाडायचं, चित्रांवरची कोळशाची धूळ कोरड्या फडक्यानं टिपायची आणि शाळेची पोरं आली की त्यांना खाटेवर बसू द्यायचं नाही, हे काम जुबैदाचं. ज्या घरात ती लग्न होऊन आली त्याच घरात ती आता आठवड्याचे सहा दिवस राखणदार होती, आणि सोमवारी सुट्टी असली की सून.

गफ्फार पेंटर हा अख्खा जन्म ट्रक रंगवणारा माणूस. मागच्या फाळक्यावर मोर, दारावर वाघ, आणि मालक कागदावर लिहून देईल ती अक्षरं. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. मोर काढावा तसा तो अक्षर काढायचा, पाहून पाहून, आणि एकाही मालकाची कधी तक्रार आली नाही. ट्रक भंगारात निघाला की त्याचा पत्रा तो कापून आणायचा आणि त्याच्यावर स्वतःची चित्रं काढायचा. वजनकाट्यावर रांगेत ताटकळणारे ट्रक, बोनेटवर डबा उघडून बसलेला ड्रायव्हर, खाणीच्या फाटकाशी भांडणारी बाई. चित्र पुरं झालं की काळ्या रंगात अंगठा बुडवून खालच्या कोपऱ्यात दाबायचा. तीच त्याची सही. प्रफुल्ल कुचनकर सर शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले, एकदा स्कूटरवर नंबर टाकून घ्यायला आले आणि पत्रे पाहून तिथेच बसले. मग त्यांनीच ते पुण्या-मुंबईच्या लोकांना दाखवले. म्हाताऱ्याचं नाव झालं. नावाचं सुख भोगायला मात्र त्याला तीन वर्षंही मिळाली नाहीत.

नाव झालं तशा नकला निघाल्या. कोणीही उठावं, जुना पत्रा रंगवावा आणि कोणाचाही अंगठा लावावा. म्हणून राज्याच्या यादीत घराची नोंद करण्याआधी भिंतीवरच्या अकराही पत्र्यांचे अंगठे तपासायचे ठरले. अब्बांचा अंगठा असलेला एखादा जुना कागद हवा होता. अब्रारनं घराचं खरेदीखत नेलं, झेरॉक्सच्या दुकानात नुसता अंगठा तेवढा मोठा करून घेतला आणि सरांच्या हातात दिला. त्याचा अहवाल आज आला होता, आणि तो ऐकायला सरही येऊन बसले होते.

आज सकाळीच अब्रारनं तिला बजावलं होतं. "अंगठा त त्याइचाच हाय. जुळनच. तू काई बोलू नको."

कारण अकरापैकी दहा पत्रे अब्बांचे होते. अकरावा जुबैदाचा होता.

'धुणं' असं त्याचं नाव सरांनी ठेवलं होतं. अंगणातल्या दोरीवर पांढरी चादर, तिच्यावर भुरभुर उतरणारी कोळशाची धूळ, चादर झटकणारी बाई, आणि कपड्यांच्या फटीतून दिसणारे ट्रक. स्मृतिघराच्या माहितीपत्रकावर तेच चित्र. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून म्हणायचे, म्हाताऱ्याला बाईमाणसाचं मन कसं कळलं असेल! जुबैदा त्यांच्या मागून झाडू घेऊन जायची आणि आतल्या आत एकदा हसायची, एकदा जळायची.

अब्बांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्यानंतरची ही गोष्ट. ते खाटेवर पडून असत आणि तिला रंग घोटायला शिकवत. तिनं तो पत्रा रंगवला. आठ दिवसांत कुचनकर सर प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला येणार होते. आपलं चित्र कोण नेणार, ते कोळशाच्या पोत्यांमागे पडून राहील, या भीतीनं तिनं करू नये ते केलं. दुपारी अब्बांचा डोळा लागला होता आणि डावा हात खाटेवरून लोंबत होता. तिनं त्या अंगठ्याला काळा रंग लावला आणि पत्रा वर उचलून त्याच्यावर टेकवला. ही चोरी अब्रारशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. आज ती सरकारी शिक्का बसून कायमची खरी होणार, या विचारानं तिनं सकाळची भाकरी तशीच झाकून ठेवली होती.

मॅडमनी चष्मा लावला. "अकरा पत्र्यांवरचे अंगठे तुम्ही दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहिलेत. दहा जुळत नाहीत."

"एक जुळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला," कुचनकर सर म्हणाले.

"दहा जुळत नाहीत, सर. एक जुळतो. अकरा नंबरचा. 'धुणं'."

दाराशी उभ्या अब्रारनं जुबैदाकडे पाहिलं आणि जुबैदानं भिंतीकडे.

"अहो, हे पत्रे माझ्या डोळ्यांसमोर रंगवलेत त्यांनी!" सरांचा आवाज चिरकला.

"तुमचे डोळे मला अहवालाला जोडता येत नाहीत." मॅडम काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी ते हळूच म्हटलं, पण म्हटलं. "दहा चित्रं संशयित म्हणून आजच ताब्यात घ्यायची आहेत. बाहेरची पाटी उतरवावी लागेल. खोल्यांना सील. अकरापैकी दहा नकला निघाल्या तर हे घर कोणाचं म्हणून दाखवायचं, सर?"

गाडीतून आलेली दोन माणसं पेचकस घेऊन आत आली. पहिल्यांदा त्यांनी डबा खाणारा ड्रायव्हर उतरवला. त्याच्यामागे भिंतीचा चौकोन पांढराशुभ्र निघाला, कारण तेवढ्या जागी दोन वर्षांत धूळ पोचली नव्हती. सर त्या चौकोनाकडे बघत बसले. मघापर्यंत ताठ बसलेला माणूस, बघता बघता म्हातारा दिसायला लागला.

दुसरा पत्रा उतरला. जुबैदाच्या मनात एकच घोळत होतं. दहा खोटे आणि माझाच खरा? अब्बा बसून, उभं राहून, तापात, उपाशी रोजा धरून ज्यांच्यावर झिजले ते खोटे, आणि ज्याला त्यांनी बोट लावलं नाही तो खरा? हा कुठला न्याय? तिला मॅडमचा राग आला, त्या प्रयोगशाळेचा राग आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तिसऱ्या पत्र्याच्या शेजारी एक फोटो टांगलेला होता. सरांनीच काढलेला. अब्बा वाकून पत्र्यावर अंगठा दाबतायत, जीभ दातांत धरून, अगदी पोरासारखे. हा फोटो ती रोज पुसत होती. आज तिनं तो पाहिला. अंगठा उजवा होता.

आणि अकराव्यावर तिनं लावलेला डावा.

ती तशीच मागे वळली आणि स्वयंपाकखोलीत गेली. पेटीतल्या लग्नाच्या शालूखाली खरेदीखत होतं, तिनं ते उघडलं. शेवटच्या पानावर अब्बांचा अंगठा, आणि त्याच्याखाली कागद लिहिणाऱ्यानं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, नि. डा. हा. अं. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. कचेरीत पुरुषाचा डावा अंगठा घेतात, सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट. अब्रारनं अंगठा मोठा करून घेताना खालची ओळ कापली गेली होती, बस.

अब्रार तिच्या मागोमाग आला. "काय करून राह्यली तू?"

तिनं कागद त्याच्यासमोर धरला. त्याला वाचायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे दहाही बरोबर! त्याइनं डाव्यासंग उजवा ताडून पाह्यला!" आणि लगेच तो उतरला. "पन मंग अकराव्याचं?"

"हाव. अकराव्यावर डावा काहून, असं इचारतीनच."

बाहेर चौथ्या पत्र्याचा खिळा भिंतीतून करकरत निघाला.

"थांब जराशी," अब्रारनं तिचा दंड धरला. "दहाचं सांग. अकराव्याचं मी पाह्यतो. तू त्या पत्र्याबद्दल तोंड उघडू नको, जुबैदा. आपल्याले या घरातून हाकलून देतीन. नकली चित्र काढनाऱ्याइच्या यादीत तुह्यं नाव टाकतीन. समजलं का?"

त्याचं काही चुकत नव्हतं. तिला ते समजत होतं, तरी तिनं दंड सोडवून घेतला.

"थांबा जी!" बाहेर येऊन ती ओरडली, तेव्हा पेचकसवाला दचकून शिडीवरून अर्धा खाली आला. तिनं खरेदीखत टेबलावर ठेवलं, भिंतीवरचा फोटो काढून त्याच्या शेजारी ठेवला. "मॅडम, हे वाचा. कागदावर डावा हाय. अन् हे पाहा, चित्रावर अब्बा उजवा लावत होते. तुम्ही डाव्या अंगठ्याले इचारलं अन् त्यानं सांगतलं का मी नोहे. थो खोटं कायले बोलीन?"

मॅडमनी कागद वाचला. भिंग काढून फोटो पाहिला. उजव्या अंगठ्याच्या पेरावर पत्र्यानं कापलेली आडवी खूण बाजूपर्यंत आलेली दिसत होती आणि तीच आडवी रेघ उतरवलेल्या चारही पत्र्यांच्या कोपऱ्यात उमटलेली होती. त्यांनी अहवालाचं दुसरं पान उलटलं. "दहाही ठसे एकाच अंगठ्याचे आहेत, हे इथे लिहिलेलंच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. मग शिडीकडे बघून हात केला. "राहू द्या. उतरवलेले परत लावा."

कुचनकर सर उठून उभे राहिले, पुन्हा बसले, खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. "डोळ्यांसमोर होतं हो. मीच काढलेला फोटो! मी ड्रॉइंग मास्तर, मला हात ओळखता आला नाही!" ते हसायला लागले. अब्रारही हसला. घरावरचं मोठं संकट टळलं होतं आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण मॅडम हसल्या नव्हत्या. त्या 'धुणं'समोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "मग याच्यावर डावा का?"

"उजव्या अंगावरून वारं गेल्तं त्याइच्या," अब्रार घाईनं म्हणाला. "आखरीचे तीन महिने उजवा हात उचलतच नोयता."

"आणि चित्र? ते कोणत्या हातानं काढलं?"

उत्तर आलं ते सरांकडून. आनंदाच्या भरात माणूस जसं बोलतो तसं ते बोलले. "डाव्या हातानं! मॅडम, अहो लिहा हे! उजवा हात गेला, पण कलाकार थांबला नाही. त्यानं डाव्या हातात ब्रश घेतला. म्हणून तर ती चादरीची रेघ थरथरते! मी नेहमी म्हणायचो, या थरथरीत काहीतरी आहे."

"हाव हाव, डाव्या हातानं," अब्रार म्हणाला. "डाव्या हातानंच काढत होते."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. सगळं जुळत होतं. दहा उजव्याचे, एक डाव्याचा, आणि वर एक अशी गोष्ट की यादीत नोंद करणाऱ्यालाही बरं वाटावं. त्यांनी पेन उघडलं. "जुबैदाताई, तेव्हा दिवसभर घरात तुम्हीच असायच्या. डाव्या हातानं काढताना तुम्ही पाहिलंत ना? हो म्हणा, मी लिहून घेते."

नुसती मान हलवायची होती. अब्रारचे डोळे तिला तेच विनवत होते. सर तर ते धरूनच चालले होते. जुबैदाची नजर खाली वळली आणि खाटेवर पडली.

अब्बांची खाट अजून त्याच कोपऱ्यात होती, दोर लावून अडवलेली. तिच्या सुताच्या विणीवर एका जागी काळा डाग होता. माहितीपत्रकात लिहिलं होतं, चित्रकाराच्या अखेरच्या कामाचे रंग आजही या खाटेवर दिसतात. ते कसले रंग होते, हे या घरात जुबैदालाच ठाऊक होतं. त्या दुपारी अब्बांना जाग आली, तेव्हा त्यांनी आधी आपला काळा अंगठा पाहिला आणि मग पत्र्याचा कोपरा. उजवा हात मेलेला, पुसणार कशानं? त्यांनी तो अंगठा खाटेच्या सुतावर घासला. रंग गेला तरी घासला. कातडं सोललं तरी घासत राहिले. ती रडत पाया पडली, तर तोंड फिरवलं. आदल्याच दिवशी ते चित्र पाहून म्हणाले होते, "वा बेटी! आता तुहा अंगठा लाव." आणि ती हसण्यावारी नेऊन चहा करायला उठली होती. त्यानंतर एकोणीस दिवस ते जगले. त्या एकोणीस दिवसांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि चित्रं निवडायला आलेल्या सरांनाही काही सांगितलं नाही. जेवणही अब्रारच्या हातचं घेत. ज्या माणसाला अक्षर येत नव्हतं त्याच्याजवळ तेवढा एक अंगठा होता, आणि तो तिनं झोपेत चोरला होता.

आता पुन्हा तोच हात धरायचा? या वेळी तर ते मेलेले. घासायलाही उठणार नाहीत.

"नाई, मॅडम," जुबैदा म्हणाली. "थे चित्र त्याइनं काढलं नाई. मी काढलं. अंगठा त्याइचाच हाय, पन त्याइनं देल्ला नाई. झोपेत हात धरून मी लावला."

अब्रारनं कपाळाला हात लावला आणि तो भिंतीशी खाली बसला.

"काय बोलताय तुम्ही?" सर कडाडले. "आत्ता वाचलं सगळं! याच चित्रासाठी लोक येतात इथे. मी स्वतः त्याच्यावर लेख लिहिलाय!"

"लेख चांगला होता सर. मी दोनदा वाचला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. "पुरावा आहे काही? हे चित्र तुम्हीच काढलंय याचा?"

"पुरावा कायले लागते? मी थे माह्यं म्हून मांगून नाई राह्यली. त्याइचं नोहे, एवढंच लिहा."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचत गेल्या, म्हणजे कोणाला नंतर ऐकलं नाही म्हणायला नको. दहा पत्रे जागेवर राहतील. उजव्या अंगठ्याचा मुद्दा मांडून अहवाल फेरतपासणीला जाईल. अकरावा पत्रा संग्रहातून वगळला जाईल. राखणदाराच्या कामाचं काय करायचं, ते समिती पुढच्या बैठकीत ठरवील. जुबैदानं खाली सही केली. आठवीपर्यंत शिकली होती ती, सही तिला येत होती. मॅडमनी कोपऱ्यातल्या अंगठ्याचे चार फोटो घेतले.

"हा पत्रा घरात न्या. आणि तो अंगठा काढून टाका. उद्या कोणी विकला तर त्यांचंच नाव खराब होईल." मग निघता निघता त्यांनी थंड झालेला चहा उचलला आणि उभ्यानं पिऊन टाकला.

कुचनकर सर कोणाशी न बोलता चपला घालू लागले. दारातून ते परत फिरले. 'धुणं'कडे बघून, मग तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ती चादरीची थरथरणारी रेघ?"

"चुलीवरचं दूध उतू जाऊन राह्यलं होतं, सर. घाईत वढली."

सरांनी मान हलवली. ती रागाची होती की कसली, हे तिला कळलं नाही.

पत्रा तिनं आणि अब्रारनं मिळून पडवीत नेला. पुढच्या खोलीत एक चौकोन पांढरा राहिला. अब्रार बोलत नव्हता, आणि एकोणीस दिवसांचं न बोलणं अनुभवलेल्या बाईला ते कसं लागत असेल हे काय सांगायचं! तिनं पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि ती खाली बसली. कोपऱ्यातला अंगठा घासायला लागली. वाळलेला इनॅमल रंग चिवट होता. रेघा एकेक करून पुसट झाल्या, मग गेल्या, मग खाली ट्रकचा जुना निळा रंग दिसायला लागला. तिच्या बोटांची टोकं लाल झाली तरी ती घासत होती.

पत्रा सरकायला लागला तेव्हा दुसऱ्या बाजूनं कोणीतरी तो धरला. अब्रार उकिडवा बसला होता. त्यानं काळ्या रंगाचा डबा शेजारी ठेवला आणि झाकण पेचकसानं उचकटलं.

"कोनता लावतं?" त्यानं विचारलं.

"उजवा. ज्या हातानं काढलं थो."

तिनं अंगठा बुडवला. पत्र्याजवळ आणला आणि तिचा हात तिथेच थांबला. दहा पत्रे रंगवले असते तरी एवढी भीती वाटली नसती. "अब्बा, लावू का?" ती पुटपुटली. अब्रारनं काही न बोलता पत्रा आणखी घट्ट धरला. तिनं अंगठा दाबला आणि उचलला, आणि मग तिला रडू कोसळलं, कारण इतक्या सोप्या गोष्टीला तिनं इतका उशीर लावला होता.

बाहेर रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चालले होते. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून अब्रारनं दोरीवरची चादर ओढून काढली आणि दोघांनी तिची दोन टोकं धरून ती पत्र्यावर, न टेकवता, अंगठा वाळेपर्यंत धरून ठेवली.